तुरीच्या रोपांचे तीन ट्रे

मे महिन्यातल्या एका दुपारी ग्रीनहाऊसचा कूलर बंद पडला, तेव्हा आत मी एकटीच होते. संशोधनाला लागून मला दोन महिने झाले होते. खापा या लहान गावाहून आलेली, शहरात सक्करदऱ्यात खोली करून राहणारी मी, आमच्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत सगळ्यात नवी.

आत तुरीच्या रोपांचे तीन ट्रे होते. ते ताईचे होते. ताई म्हणजे माझ्या चार वर्षं पुढची विद्यार्थिनी. तिची पीएचडी संपत आली होती. तुरीच्या मुळांत राहणाऱ्या एका बुरशीवर ती काम करायची. ही बुरशी रोग आणत नाही. ती मुळाच्या पेशीत शिरते, तिथे तिला झाडासारख्या बारीक फांद्या फुटतात, आणि त्या फांद्यांवाटे ती जमिनीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तुरीला पोचवते. बदल्यात तूर तिला खाऊ घालते. ही देवाणघेवाण एका पातळ पडद्यावर चालते आणि त्या पडद्यात तुरीचं एक प्रथिन असतं. स्फुरद आत घेण्याचं काम त्याचं. ते प्रथिन तुरीत बनलंच नाही, तर बुरशीच्या फांद्या जगतील की मरतील, एवढाच ताईचा प्रश्न होता.

पहिल्या ट्रेमध्ये साधी तूर होती. दुसऱ्यातल्या रोपांत ते प्रथिन बनणं बंद केलेलं होतं. तिसऱ्यातल्या रोपांवर सगळे सोपस्कार केले होते, पण प्रथिनाला हात लावला नव्हता. तुलना या ट्रेशी करायची होती. प्रत्येक कुंडीवर नंबर टाकायला ताईने मला आठवडाभर आधीच सांगितलं होतं. मी आज टाकते, उद्या टाकते करत राहिले. ओळख म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये नंबर लिहिलेली आईस्क्रीमची एकेक काडी खोचलेली होती, बस.

कूलर बंद झाल्यावर दहा मिनिटांत पानं मान टाकायला लागली. मी एकेक ट्रे उचलून तळमजल्याच्या बोळात पळवला. तिसऱ्या खेपेला पाहिलं तर तिन्ही काड्या वाटेत पडल्या होत्या. मी त्या गोळा केल्या, रोपांकडे बघितलं, कुठला ट्रे आधी आणला ते आठवलं आणि काड्या परत खोचल्या. मला जवळजवळ खात्री होती.

संध्याकाळी ताई आली. रोपं वाचलेली बघून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं वं तू होती. नाही तं सारी मेहनत गेली असती माही."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी नुसती हसले.

महिन्याभराने ताईने मुळं धुऊन, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. प्रथिन नसलेल्या ट्रेमध्ये फांद्या भरघोस होत्या, तिसऱ्या ट्रेसारख्याच. दुसऱ्या पिकांत प्रथिन गेलं की फांद्या काही दिवसांत कोसळतात, हे माहीत होतं. तूर वेगळी निघाली! सर खुर्चीतून उठून उभे राहिले. साध्या तुरीच्या ट्रेमध्ये मात्र फांद्या तुटक, खुरटलेल्या होत्या. ताई म्हणाली, "सर, हा असा काहून?" सर म्हणाले, "ऊन लागलं त्याला. तो धरू नका." तो ट्रे बाजूला पडला. त्याची मुळं ताईने स्पिरिटच्या बाटलीत घालून कपाटात ठेवली, कारण ताई कधीच काही फेकायची नाही. मी तिथेच उभी होते. मला वाटेत पडलेल्या काड्या आठवल्या, आणि मी रंगाच्या बशा धुवायला घेतल्या.

पेपर चांगल्या नियतकालिकात छापून आला. ताईला पदवी मिळाली आणि पाठोपाठ एका कॉलेजात नोकरी, दोन वर्षांच्या परिविक्षेवर. पेढे मी वाटले.

माझं काम ताईच्या कामावर उभं होतं. ते प्रथिन नसताना तूर कोणत्या दुसऱ्या प्रथिनावर भागवते, ते मला शोधायचं होतं. ताईचंच बदल केलेलं बियाणं वाढवून मी रोपं लावली. फांद्या मेल्या. माझाच हात वाईट असेल म्हणून पुन्हा लावली, पुन्हा मेल्या. तिसऱ्यांदा प्रत्येक कुंडीवर नंबर टाकले, दोनदा तपासले. पेशींमध्ये निळे गोळे तेवढे उरले होते, फांद्या कुठेच नव्हत्या.

मग मी कपाट उघडलं. बाटलीतल्या मुळांची डीएनए चाचणी करायला दोन दिवस लागले. साधी तूर म्हणून जी मुळं ठेवली होती, त्यांतच ताईने केलेला बदल होता. पहिली आणि दुसरी काडी मी उलटी खोचली होती.

आधी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "झालं ते झालं. तुझे निकाल वेगळ्या जातीवर आले असं लिही. जुनं उकरू नकोस." त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

पाच दिवस मी प्रयोगशाळेत गेले नाही. सहाव्या दिवशी प्रताप नगरला ताईच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं. ताई उत्तरपत्रिका तपासत होती.

"काहून वं, तोंड असं काहून उतरलं तुहं? बस न."

मी उभ्यानेच सांगितलं. कूलर, बोळ, काड्या, बाटली. तिने पेनाचं टोपण लावलं.

"तुले तवाच माहीत होतं?"

"खात्री नव्हती ताई. म्हणजे, थोडी शंका होती."

"अन् तू सांगितलं नाही."

"नाही."

तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. तिच्या आईने चहा आणून ठेवला, आमच्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

"मी बी त विचारलं होतं न, हा ट्रे असा काहून म्हणून," ती म्हणाली. "मंग सर बोलले अन् मी मान हलवली. मलेही तेच पाह्यजे होतं."

"ताई, सर म्हणतात की..."

"सर काय म्हणतीन ते मले माहीत आहे."

पेपर मागे घेण्याचं पत्र तिने स्वतः लिहिलं. माझ्या चुकीचा उल्लेख नावासकट करा, असं मी तिला विनवलं. ती म्हणाली, "पेपरवर नाव नव्हतं तुहं. मंग चुकीवर कसं येईन?" पत्रात तिने लिहिलं की रोपांच्या खुणा बदलल्या गेल्या आणि ते तपासण्याची जबाबदारी तिची होती. सरांनी सही केली, पण खाली एक ओळ जोडायला लावली: प्रयोगाची सर्व हाताळणी प्रथम लेखिकेने केली होती. ताईने स्वतःवरची ती ओळ तशीच राहू दिली.

कॉलेजात कुणी तिला काही बोललं नाही. परिविक्षा संपली तेव्हा कायम केल्याचं पत्र आलं नाही, इतकंच. पुढच्या मुलाखतींना प्रत्येक ठिकाणी तोच पेपर निघायचा. एकदा ती म्हणाली होती की समोरचे लोक वाईट वागत नाहीत, पाणी विचारतात, मग गप्प बसतात. त्यानंतर तिने अर्ज करणं सोडलं. आता ती एका शिकवणी वर्गात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते.

माझा प्रबंध मात्र उत्तम ठरला. तुरीतही प्रथिन गेलं की बुरशीच्या फांद्या मरतात, हे मी सिद्ध केलं होतं. आधीचा चुकीचा निष्कर्ष दुरुस्त केला म्हणून परीक्षकांनी खास कौतुक केलं. आता निवृत्त झालेले सर शेजारी बसून मान डोलवत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. घसा बसलाय, असं मी खोटंच सांगितलं.

प्रबंधाची प्रत घेऊन मी प्रताप नगरला गेले. ताई वर्गावर होती. तिच्या आईने प्रत हातात घेतली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान बांधून मिळाली वं." आत ये म्हणाली नाही.

मी आता एका बियाणे कंपनीत आहे. गेल्या पावसाळ्यात बर्डीच्या बाजारात ताई समोरून आली. हातात छत्री होती, केस पांढरे व्हायला लागले होते. मीच हाक मारली. ती थांबली, ओळखीचं हसली.

"कशा आहात तुम्ही?" तिने विचारलं.

मी बरी आहे म्हणाले. आईची तब्येत विचारली, तिने सांगितली. मग तिची बस आली आणि ती गेली.