अण्णांची बिनधुराची चिमणी

आमच्या रुग्णालयाचं धुलाईघर मी बावीस वर्षं सांभाळलं, आणि त्यातली एकवीस वर्षं बॉयलरअण्णांशी भांडण्यात गेली. उरलेलं एक वर्ष त्यांच्या रजांचं धरा. भांडणाचं कारण एकच, गरम पाणी. रोज पाचशे चादरी, शिवाय शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे. पाणी सत्तर अंशांवर नसेल तर ते धुतले असं मी म्हणणारच नाही. मी खिडकीतून ओरडायची, "अण्णा, पाणी कोमट येतंय!" पलीकडून उत्तर यायचं, "तुमचा हातच गरम असेल, बाई!" पण लगेच फावड्याचा आवाज यायचा आणि थोड्या वेळात पाणी वाफाळायला लागायचं.

अण्णा ठेंगणे, रुंद, भुवया अर्ध्या भाजलेल्या. एकतीस वर्षं त्यांनी तो कोळशाचा बॉयलर पेटता ठेवला. माणसाला एक तरी गर्व असतो, अण्णांचा गर्व होता त्यांची चिमणी. तिच्यातून धूर म्हणून निघायचा नाही. शेजारच्या कारखान्याची चिमणी दिवसभर काळं ओकायची, आणि आमची बघावी तर स्वच्छ. "धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा," ते सांगायचे. "आणि अर्धवट काम मला खपत नाही." रोज सकाळी आठला ते रस्ता ओलांडून सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे आणि मान वर करून चिमणीचं तोंड बघायचे. तिथे काही दिसायचं नाही, फक्त तोंडावरचं आभाळ जरासं थरथरायचं. मग खूश होऊन परत यायचे आणि मला चहा पाजायचे. तेवढी पाच मिनिटं आमचा तह असायचा.

दुसरी सवय वजनाची. आत गेलेला कोळसा आणि बाहेर काढलेली राख ते रोज काट्यावर घालायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे. राख जास्त निघाली की त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

त्यांची लेक शाळेत विज्ञान शिकवते. एका शनिवारी ती त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला बॉयलरखोलीत आली, आणि पृथ्वी माणसांमुळे तापतेय की आपोआप, हा घरी अर्धवट राहिलेला वाद आमच्यासमोर पुन्हा पेटला. अण्णा म्हणाले, "पृथ्वी एकेकाळी बर्फात बुडाली होती ना? मग वितळली. तेव्हा कुठला बॉयलरवाला होता गं?"

"कुणीच नव्हता," लेक म्हणाली. "पृथ्वीचा सूर्याभोवतीचा रस्ता हळूहळू बदलतो, तिचा कल बदलतो, त्याने हिमयुगं येतात आणि जातात. पण त्याला हजारो वर्षं लागतात, बाबा. आत्ताचं तुमच्या-माझ्या आयुष्यात झालंय."

"मग सूर्य तापला असेल."

"गेली चाळीस-पन्नास वर्षं सूर्य मोजतायत. त्याने आच वाढवलेली नाही."

"ज्वालामुखी?"

"मोठा फुटला की त्याच्या धुरळ्याने वर्ष-दोन वर्षं उलट गारवा येतो. आणि पृथ्वी तापवणाऱ्या वायूचं म्हणाल, तर माणसांनी शंभर भाग सोडले तर सगळ्या ज्वालामुखींचा मिळून जेमतेम एक भाग."

अण्णांनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. तिला हाताला धरून खिडकीशी नेलं. "ती बघ माझी चिमणी. दाखव धूर."

लेकीने चिमणीकडे पाहिलंच नाही. ती भिंतीवरचे खडूचे आकडे वाचत होती. "बाबा, शंभर किलो आत गेला की राख किती?"

"पंचवीस. एक मूठ जास्त नाही."

"मग पंचाहत्तर किलो कुठे गेला?"

"जळाला."

"जळाला म्हणजे गेला कुठे?"

अण्णा भिंतीजवळ जाऊन स्वतःचेच आकडे पुन्हा वाचू लागले. मीही बावीस वर्षं ते आकडे पाहत होते, मला कधी सुचलं नव्हतं.

लेक हळू आवाजात म्हणाली, "दिसत नाही असा वायू होऊन वर गेला. जाताना हवेतला ऑक्सिजनही बरोबर घेऊन गेला, म्हणजे शंभर किलोचा दोनशेच्या आसपास वायू. तो वर जाऊन उष्णता अडवून बसतो. आणि बाबा, कोळसा जितका चांगला जळेल तितका तो वायू पुरेपूर होतो. तुमचं काम चोख आहे, म्हणून तर धूर दिसत नाही."

तिला बापाला दुखवायचं नव्हतं, पण लागायचं ते लागलंच. अण्णा तीन दिवस आठ वाजता रस्ता ओलांडून गेले नाहीत. चौथ्या दिवशी चहाचा कप माझ्यासमोर ठेवत म्हणाले, "एकतीस वर्षं, बाई, मी नको तिकडेच बघत होतो." मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास बॉयलर बदलायची वेळ आली. अण्णांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. व्यवस्थापकांचं म्हणणं असं की छतावर उन्हाने पाणी तापवणाऱ्या नळ्या आणि टाकी बसली आहे, ढगाळ दिवसासाठी विजेचा हीटरही आहे, तर आठवडाभर चाचणी घ्यावी. यंत्रांपाशी सत्तर अंशाचं पाणी मिळालं तर कोळसा बंद. नाहीतर नवा कोळशाचा बॉयलर, म्हणजे आणखी पंचवीस वर्षांची निश्चिंती. खरं सांगते, मी मनातून कोळशाच्या बाजूची होते. मला माझ्या चादरींची काळजी.

पहिल्या दिवशी छतावरच्या टाकीत पंचाहत्तर अंश आणि माझ्या यंत्रापाशी अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कडकडीत ऊन असतानाही तेच. नळ्या बसवणारे इंजिनिअरसाहेब घाम पुसत म्हणाले, "एवढ्या मोठ्या धुलाईघराला ऊन पुरणार नाही. मी अहवाल लिहून टाकतो."

"थांबा," अण्णा कोपऱ्यातून म्हणाले. "आत पंचाहत्तर, बाहेर अठ्ठावन्न. मधले सतरा कुठे गेले?"

इंजिनिअर म्हणाले, "वाटेत थोडं जातंच हो."

"जातं म्हणजे कुठे जातं?" अण्णांचा आवाज चढला. हा प्रश्न कुणाकडून शिकले ते मला माहीत होतं, आणि हसू आवरेना.

पुढचे तीन दिवस अण्णा नळांच्या मागे हात धुऊन लागले. छतापासून तळघरापर्यंत पाइपवर तळहाताची मागची बाजू टेकवत गेले. कुठे वेष्टण गळून पडलं होतं, कुठे झडप झिरपत होती. शेवटी तळघरात, मोडक्या खाटांच्या मागे, एक पाइप भिंतीत शिरताना सापडला. हात लावला तर चटका. अण्णा तिथेच खाली बसले.

ती वाट जुन्या स्वयंपाकघराची. ते पाडून चौदा वर्षं झाली होती. गरम पाणी भिंतीपलीकडे जायचं, उघड्या अंगणाखालून फिरायचं आणि गार होऊन परत यायचं.

"या वाटेची झडप मीच उघडली होती," अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले. "बंद करायची राहिली. आणि कळलंही नाही, कारण बाई ओरडल्या की मी दोन फावडी जास्त टाकायचो. चौदा वर्षं अंगण तापवलं मी. चूक माझी." अण्णांनी पान्ह्याने झडप आवळली, पाइप गुंडाळले आणि इंजिनिअरना म्हणाले, "आता लिहा अहवाल. उद्या लिहा."

सातव्या दिवशी सकाळी सगळे यंत्राभोवती जमले. अण्णांची लेकही शाळेला अर्धी सुट्टी टाकून आली होती. तापमापक मी माझ्या हातात घेतला, कारण माझा कुणावरच विश्वास नाही. पाणी सोडलं. साठ. पासष्ट. अडुसष्टवर काटा रेंगाळला तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "चल रे बाबा!" सत्तर. बहात्तर. आणि तिथे ठाण मांडून बसला.

इस्त्रीवाल्या बायकांनी असा गलका केला की वरच्या मजल्यावरून परिचारिका धावत आली. इंजिनिअरसाहेबांनी अण्णांचे दोन्ही हात धरले. मी मात्र कपाळाला आठी घालून म्हणाले, "अण्णा, पाणी जरा जास्तच गरम येतंय." त्यांनी पहिल्यांदाच मला उलट उत्तर दिलं नाही. नुसते हसले, डोळे भरून आले होते.

चाचणीपुरता आधाराला पेटता ठेवलेला बॉयलर विझवायचा मान त्यांचाच. त्यांनी निखारे ओढले, राख काट्यावर घातली आणि भिंतीवर शेवटचा आकडा लिहिला. कोळशाच्या बाजूला शून्य.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते सवयीने रस्ता ओलांडून त्या पायरीवर गेले. मीही गेले, लेकही होती. चिमणी रोजच्यासारखीच दिसत होती, स्वच्छ. पण तिच्या तोंडावरचं आभाळ थरथरत नव्हतं.

अण्णा कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिले. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज खरंच काही निघत नाहीये गं."