बाबा पुन्हा मुलगी बघायला आले

आमचे बाबा आईशी कधी गोड बोलायचे नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यातल्या त्या सकाळी ते आईला म्हणाले, "बसा ना बाई, उभ्या काहून आहात?" तेव्हाच आम्ही दवाखाना गाठायला हवा होता. पण आम्ही मायलेकी खो-खो हसत सुटलो.

आईने पोह्यांची बशी पुढे केली. बाबांनी पोह्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि विचारलं, "स्वयंपाक येते का तुमाले?"

आईलाही चेव आला. "येते. तुमाले नावं न ठेवता जेवता येते का?"

"शिकून घेईन," बाबा चक्क लाजून म्हणाले.

मी पोट धरून खाली बसले. तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला जाऊन म्हातारा रंगात आला, असंच आम्ही समजलो. दिवसभर घरात मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला. संध्याकाळी मात्र बाबांनी विचारलं, "तुमचे वडील कुठं आहेत? बोलणी कोणाशी करायची?" माझे आजोबा कधीचेच वारले होते. आईचं हसू तिथेच थांबलं. तिने बाबांचा हात धरला, तर तो कढत.

ऑटो करून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. आमच्या या हिंदी मुलखातल्या नव्या राज्याचं मंत्रालय त्या काळी एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीतच भरायचं, आणि बाबा तिथूनच निवृत्त झालेले. दाराशी पोचताच ते ताठ झाले. "पहिले गेटपास काढा," त्यांनी मला दटावलं. सलाईन लावायला आलेल्या नर्स दीदीला म्हणाले, "फाईल टेबलावर ठेवा, साहेब मीटिंगमध्ये आहेत." दीदीने "हव" म्हणत मान डोलावली आणि सुई टोचून मोकळी झाली. तशा भीतीतही मला हसू आवरेना.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लघवीत संसर्ग झाला होता. गुडघे दुखतात, सारखं उठावं लागतं, म्हणून बाबांनी पाणी पिणंच कमी केलं होतं.

"पर दिमाग को क्या हुआ?" मी विचारलं.

"बात गेटपास की ही है," त्या म्हणाल्या, आणि मग नीट समजावून सांगितलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणलेल्या असतात. रक्तातलं वाटेल ते त्या आत सोडत नाहीत. मंत्रालयाच्या फाटकावर असते तशी तपासणी असते तिथे. वयाबरोबर ही वीण थोडी सैल पडते. त्यात शरीरात कुठेही संसर्ग पेटला, की दाह वाढवणारी द्रव्यं रक्तातून फिरतात, पहारा ढिला पडतो, दाहाची झळ मेंदूलाही लागते आणि म्हातारं माणूस एकाएकी भरकटतं.

"परत येतील ना?" आईने विचारलं.

"बहुतेक येतात. कोणाला वेळ लागतो. कोणी पूर्ण येतही नाहीत."

आई बाहेरच्या बाकावर बसली. "मले विसरूनच गेले तर?" एवढंच म्हणाली. तिला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग एकदम उठली, आत गेली आणि पलंगाशी उभी राहिली. लग्न ठरलं तेव्हा होकार बाबांच्या वडिलांनी कळवला होता. बाबांच्या तोंडून तिने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. "मग?" तिने विचारलं. "मी पसंत आहे का?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही लय चांगल्या आहात. पण माफ करा, मी लग्न झालेला माणूस आहे. घरी बायको आहे माझी."

"कशी आहे?"

"तिखट. पण तिच्याबिगर मले जमत नाही."

आई पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. हसत होती की रडत होती, मला कळेना. बहुतेक दोन्ही.

औषधं लागू पडली. काही दिवसांनी सकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "असा पाणचट चहा करते का कोणी? अन् अशी काहून पाहून राहिली?"

आनंदाने मी टाळ्याच पिटल्या. आई म्हणाली, "एका बाईनं तुमाले मागणी घातली होती. तुम्ही नाही म्हणाले."

"बरं केलं. एकच निभवता निभवता जीव जाते."

आईने पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. "प्या," ती म्हणाली. "मले पुन्हा तुमचा नकार ऐकायचा नाही."