चार नंबरचा नान

उलबोलसिनला राग यायला इतकी वर्षं लागली, याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

नावापासूनच सुरुवात. उलबोलसिन म्हणजे 'मुलगा होवो'. घरात चौथी मुलगी झाली की बाप असलं नाव ठेवून मोकळा होतो. आपल्याकडच्या नकुशीची ही कझाक स्तेपीतली बहीण. पुढे मुलगा झाला, पेढे वाटावेत तशी मेंढरं कापली गेली, नाव मात्र हिला जन्माचं चिकटलं. अल्माटीच्या मोठ्या ऑडिट फर्ममध्ये ती लागली, तेव्हा तिचा साहेब सेरिकबोल सगळ्यांदेखत म्हणाला, "नाव झकास आहे. काम मुलासारखं करशील ना?" तिने चार मुलांचं काम केलं. तेही इतकी वर्षं, की पोरं येत होती, तिच्याकडून शिकत होती आणि तिच्याच डोक्यावर जाऊन बसत होती.

सेरिकबोलचा एक कडक नियम होता. ज्याचे हिशेब तपासायचे, त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहिल्याच हिवाळ्यात डोंगराकडच्या एका दूध डेअरीतून निघताना तिथल्या म्हातारीने दारात नान पुढे केला. निघणाऱ्याने तुकडा मोडून तोंडाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही तर घराघरातली रीत. उलबोलसिनने तुकडा तोंडात टाकला. गाडीचं दार लागलं आणि सेरिकबोल भडकला.

"उल्या, काय खाल्लंस?"

"नान, सेके," ती त्याचं नाव आदराने आखूड करून म्हणाली. "नखाएवढा."

"ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! आज नखाएवढा, उद्या अख्खा, परवा मेंढराचं डोकं पुढ्यात येईल आणि तू मान डोलावशील. माझ्या हाताखाली राहायचं तर उपाशी राहायला शिक."

ती शिकली. थर्मासमध्ये चहा, कागदात उकडलेली अंडी, आणि क्लायंटच्या जिन्यात बसून जेवण. बायका दारात नान घेऊन उभ्या राहायच्या आणि ही खाली मान घालून बुटांच्या नाड्या बांधत म्हणायची, "नको हो आजी, नियम आहे." एकीने विचारलंच, "पोरी, आमच्या पिठात विष आहे का गं?" त्या रात्री हॉटेलवर तिला जेवण गेलं नाही. पण सेरिकबोलवर विश्वास होता. माणूस तिखट आहे पण स्वच्छ आहे, असं ती आईला सांगायची, आणि ते सांगताना तिला स्वतःचाही अभिमान वाटायचा.

मग भागीदाराची खुर्ची रिकामी झाली. ती मिळाली उलबोलसिननेच हात धरून शिकवलेल्या एका पोराला. सेरिकबोलने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि वर गोड बोलला, "तू तर मला मुलासारखी आहेस, उल्या. घरचं माणूस समजून घेतं." मुलगा आणि मुलासारखी यांत केवढी मोठी खुर्ची असते, ते तिला तेव्हा समजलं. तिने राजीनामा टाकला.

नोकरी मिळाली ती उत्तरेकडे, कोस्तानाय शहरापलीकडच्या एका धान्यकोठारात. हिशेबखात्याची प्रमुख. तिचं जन्मगाव तिथून हाकेच्या अंतरावर. फर्ममधली मंडळी निरोप देताना दात काढत होती. "मजा आहे बुवा! आता पाच वाजले की घरी, पाय पसरून चहा." तीही त्यांच्याबरोबर हसली, आणि ते हसणं नंतर तिला सलत राहिलं.

खरं तर पाय पसरायला मिळालेच नाहीत. ऑडिटवाला म्हणजे पाहुणा. तो येतो तेव्हा घर आवरलेलं असतं. त्या घरात राहायला गेलं की मोरी कुठे तुंबते ते कळतं. फर्ममधून ती असल्या कोठारांवर यायची ती भर थंडीत. डोळ्यांच्या पापण्या गोठायच्या, तिथे नाकाला काय वास येणार? वर चढायचं, झाकणातून गहू बघायचा, टिपून घ्यायचं, गाडीत बसायचं. आता ती बारा महिने तिथेच होती. मार्चमध्ये बर्फ पाझरायला लागलं आणि एका सकाळी खिडकी उघडताच तिला वास आला. आंबलेला, गोडसर, त्यामागे जळकट. वाऱ्याच्या दिशेने चालत ती चार कोठ्यांतल्या शेवटच्या, चार नंबरच्या कोठीशी थांबली. खालच्या झडपेतून पसाभर गहू काढला. सकाळच्या गारठ्यात बाहेर पाणी अजून गोठत होतं आणि ओंजळीतला गहू गरम होता.

शरद ऋतूत चारही कोठ्यांत पावसाने भिजलेला गहू आला होता, तो वाळवायचं यंत्र मालकाने गॅस वाचवायला बंद ठेवलं होतं. आणि त्या कोठीत आसपासच्या गावांचं बियाणं होतं. मे महिन्यात माणसं ट्रॉल्या घेऊन येणार, तोच गहू पेरणार. आत्ता कोठी उघडून गहू हलवला, वारा दिला, तर निम्मा तरी वाचणार होता. मे उजाडेपर्यंत काळा भुगा.

ती तशीच मालकाकडे गेली. झुमाबाय फोनवर हसत होता. त्याने फोन छातीशी धरला.

"झुमेके, चार नंबर पेटतेय. आजच रिकामी करायला हवी."

"पेटतेय? ज्वाळा दिसल्या का?"

"वास येतोय. गहू गरम आहे."

"वास काय कागदावर येतो, बाई? बँकेचे लोक कागद बघणार आहेत, नवीन गोदामाला पैसे देणार आहेत. आज कोठी उघडली तर सगळ्या गावाला बोंब. तू ताळेबंदावर सही कर. तुझी जुनी फर्म सही करणार आहे, मग तुझंच काय अडलंय?"

हेच तिला ऐकायचं होतं. जुनी फर्म म्हणजे सेरिकबोल. मालकाच्या घरचं पाणी न पिणारा माणूस! तिने बाहेर येताच त्याला फोन लावला, सगळं सांगितलं, सगळं म्हणजे सगळं.

"सेके, या वेळी पोरांना पाठवू नका. तुम्ही या. नाक घेऊन या."

तो म्हणाला, "नौरोजला मी स्वतः येतो."

नौरोज, वसंतातलं नवं वर्ष, दोनच दिवसांवर होतं; तिला हायसं वाटलं. भागीदारीची खुर्चीसुद्धा तिने मनातल्या मनात माफ करून टाकली. पुरावा हातात हवा, हे त्याचंच शिकवणं. म्हणून तिने खानावळीतल्या स्वयंपाकीण क्लावाकडे चार नंबरचा गहू दिला. क्लावाने दळला, नान भाजला आणि नाक मुरडत फडक्यात गुंडाळून दिला. "काय गं हे, पोरी? चिखल भाजल्यासारखा झालाय. डुकरापुढे टाकला तर डुक्कर शिव्या देईल."

नौरोजच्या सकाळी उलबोलसिन चार नंबरच्या शिडीखाली उभी राहिली. हातात दोन हेल्मेट, एक तिचं, एक सेरिकबोलचं. फाटकातून काळी गाडी आली. तिने हात वर केला. गाडी तिच्यासमोरून चिखल उडवत गेली. मागच्या काचेतून सेरिकबोलने हसून हात हलवला आणि गाडी थेट खानावळीच्या दाराशी थांबली. झुमाबाय दोन्ही हात पसरून पायऱ्या उतरत होता.

बराच वेळ ती तिथेच उभी होती. तेवढी पाहणी करून मग जेवतील, अशी एक वेडी आशा होती. शिडीकडे कोणी आलं नाही.

आत पाहुण्यांसाठी अंथरलेलं जेवणाचं कापड, दस्तरखान, भरगच्च होतं. तळलेल्या बौरसाकांचे ढीग, घोड्याच्या मांसाचे काप, चहाचे पेले. भिंतीला टेकून गावोगावचे शेतकरी बसले होते, आपलं बियाणं सांभाळणाऱ्या मालकाचा सण म्हणून ठेवणीतले कोट घालून आलेले. त्यात तिच्याच गावचा म्हातारा कुसाइन होता. त्याचा दाणा न् दाणा चार नंबरमध्ये होता. मानाच्या जागी सेरिकबोल, आणि परातीत त्याच्याकडे तोंड करून ठेवलेलं उकडलेलं मेंढराचं डोकं.

त्याने कोट काढला. बाह्या सरसावल्या. तळवे पसरून सगळ्यांना आशीर्वाद दिला, भरभराट होवो, कोठ्या भरलेल्या राहोत. कोठ्या म्हणताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग सुरी घेऊन गालाचा तुकडा कापला, चवीने खाल्ला, बोटं चाटली. उलबोलसिन दाराशी उभी राहून बघत होती. तिला जिन्यातली सगळी अंडी आठवली, दारातल्या सगळ्या म्हाताऱ्या आठवल्या.

सेरिकबोलने डोक्याचा कान कापला. कान द्यायचा तो घरातल्या पोराटोरांना, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. त्याने कान सुरीच्या टोकावर उचलला आणि हॉलभर नजर फिरवली.

"उल्या कुठाय? अगं ये, लाजतेस काय! झुमेके, तुमची ही प्रमुख माझ्या हाताखाली वाढलीय. नाकाने फार काम करते. आता जरा कानाने करू दे!"

झुमाबाय खो खो हसला. सगळे हसले. 'नाक घेऊन या' हे ती फोनवर फक्त सेरिकबोलला म्हणाली होती, आणि ते झुमाबायला कोणी सांगितलं, हे तिला त्या हसण्यावरून कळलं. म्हणजे फोन ठेवल्या ठेवल्या याने मालकाला फोन केला होता. तिचे कान तापले. चाळिशी ओलांडलेली बाई, आणि हा तिला सगळ्यांदेखत पोराचा वाटा देत होता.

ती पुढे गेली. कान घेतला, डाव्या मुठीत धरला. उजव्या हाताने पिशवीतलं फडकं काढलं आणि काळपट नान परातीच्या कडेला, बरोबर त्याच्या समोर ठेवला.

"सेके, माझ्याकडूनही घ्या. सण आहे. नान तोंडाला लावा."

त्याने नानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळलं. "पोट भरलंय, उल्या."

"भरणारच. अख्खं डोकं आहे पुढ्यात."

कुसाइन खाकरला. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण रीत माहीत होती. "साहेब, नानाला नाही म्हणत नसतात. तेही नौरोजला."

सेरिकबोलने कोपऱ्याचा इवलासा तुकडा मोडला.

"नखाएवढा नको," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "नखाएवढ्यापासून सुरुवात होते, तुम्हीच शिकवलंत. मला वर्षानुवर्षं उपाशी ठेवलंत. नीट घास घ्या!"

त्याने घास घेतला. चावला. एकदा, दोनदा. चेहरा वाकडा झाला, आणि मग त्या मानाच्या जागी बसून, साठ माणसांसमोर, त्याने नान रुमालात थुंकला.

कोणीतरी 'हाय!' म्हणालं. माणसाच्या हातून काहीही होऊ दे, नान थुंकणं होत नाही. कुसाइन गुडघ्यांवर हात टेकत उठला, परातीपाशी आला. नान दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला, मोठा तुकडा मोडला आणि चावू लागला. त्याचे डोळे पाणावले, तरी त्याने तो गिळला.

"कुठल्या कोठीचा, पोरी?"

"चार नंबर, आजोबा."

त्याने उरलेला नान शेजारच्याकडे दिला. त्याने तोडून पुढे दिला. भिंतीला टेकलेले कोट एकामागून एक उठायला लागले.

"खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, बाई!" झुमाबाय ओरडला. "नोकरी कोणाची करतेस?"

"नोकरी तुमची करते. गहू यांचा आहे. हलवायचा तर आज हलवा, नाहीतर हे स्वतः हलवतील."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्याचं उद्या. आज कोठीच्या किल्ल्या द्या."

किल्ल्या त्याने दिल्या नाहीत. कुसाइनच्या पुतण्याने फोरमनच्या पट्ट्यावरून काढून घेतल्या. माणसं बूट चढवत अंगणात धावली. मांस परातीत निवत पडलं.

सेरिकबोल कोट खांद्यावर टाकून गाडीपाशी पोचला होता. ती त्याच्या मागे गेली.

"घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंस, उल्या," तो म्हणाला. "फर्ममध्ये असतीस तर असं वागली नसतीस."

"नसते. अंडं खाऊन, सही करून, गप्प परत गेले असते." तिने मूठ उघडली आणि थंड, तेलकट कान त्याच्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा. पुढच्या वेळी कोणी फोन केला तर उपयोगी पडेल."

चार नंबरची झडप उघडली होती. गव्हाबरोबर वाफ बाहेर येत होती आणि वास आता फाटकापर्यंत पोचला होता. फावडी वाजत होती. पहिले ढीग काळे निघाले, गावातून धावत आलेल्या बायका डोक्याचे रुमाल तोंडावर धरून रडत शिव्या देत होत्या. मग मधूनच पिवळा, धड गहू यायला लागला. उलबोलसिन शिडीशी आली. एक हेल्मेट तिने घातलं, दुसरं कुसाइनच्या डोक्यावर ठेवून पट्टा आवळला.

म्हाताऱ्याने गळ्याशी काचणारा पट्टा बोटाने सैल केला. "अजून राग आहे का गं?"

"आहे. खूप आहे."

"असू दे," तो म्हणाला आणि शिडीला हात घातला. "अजून तीन कोठ्या उघडायच्यात."