परदेशी झाड काढण्याचा ठराव

सांगतो, पण आधी चहा ओता आणि मधेमधे हसायचं नाही. हसायचंच असेल तर शेवटी हसा, तोवर मी पाइप धरायला उठून गेलेलो असेन. कसला पाइप, ते कळेलच.

मी लालबागचा माणूस. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. आमच्या सोसायटीच्या गेटला दोन बाजूंना दोन झाडं आहेत, डावीकडे चिंच आणि उजवीकडे गुलमोहर. चिंच बिल्डिंगच्याही आधीची. तिच्या सावलीत रोज सकाळी खारीतली हिराआजी सुक्या मासळीची टोपली घेऊन बसते. बिल्डिंग झाली तेव्हा ती ऐंशीच्या घरात नव्हती, आता आहे, एवढाच फरक.

गुलमोहर मात्र मेहतांनी लावलेला. मेहता म्हणजे आमचे सेक्रेटरी. मे महिन्यात त्या झाडाच्या पाकळ्या माझ्या स्कूटरच्या सीटवर अशा चिकटतात की पुसून पुसून हात दुखतो. पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं की मेहता सलग नऊ वर्षं सेक्रेटरी आहेत, आणि सलग नऊ वर्षं मी नाहीये. आता तुम्हीच सांगा, माणसाला राग येणार नाही?

तर झालं काय, पाण्याचा टँकर मोठा आला. दोन झाडांच्या मधून तो आत शिरेना. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली आणि मेहता म्हणाले, "एक झाड काढना पडेगा. पालिकेची परमिशन आपण लेऊ. चिंच जुनी झाली, ती काढूया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिंच? हिराआजीची चिंच? जिचा कोळ पडल्याशिवाय आमच्या घरातल्या आमटीला चव येत नाही, ती चिंच? आणि बाहेरून आणलेला तो लालभडक गुलमोहर राहणार?

मी उभा राहिलो. मला उभं राहायची वाईट खोड आहे. म्हणालो, "गुलमोहर आपल्या मातीतला नाही. कुठला तरी परका, नुसता दिखाऊ. ना खायला, ना औषधाला. चिंच आपली आहे. आजीबाईच्या बटव्यातली आहे. जे झाड परदेशी, ते जाईल. जे इथलं, ते राहील. हाच न्याय."

टाळ्या पडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मेहता शांतपणे म्हणाले, "सावंतभाई, लिखके दो."

आणि मी गाढवाने लिहून दिलं. ‘ज्या झाडाचं मूळ परदेशात असेल ते आवारातून काढावं.’ खाली माझी सही, तारीख, आणि वर ‘एकमताने मंजूर’. मेहतांनीही हात वर केला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला पुरावा हवा होता, मेहतांच्या तोंडावर मारायला. माझी भाची मृणाल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला पुढच्या रविवारी बोलावलं. खुर्च्या मांडल्या, बिस्किटं आणली, शेजारच्या विंगमधल्यांनाही निरोप दिले. हिराआजीला पुढच्या खुर्चीवर बसवलं. बायको सुनंदा म्हणाली, "आधी तिला एकदा फोनवर विचारून घ्या ना."

"विचारायचं काय त्यात? चिंच चिंचच आहे."

मृणालने दोन्ही झाडांना चक्कर मारली, दोन्हीकडच्या शेंगा उचलल्या आणि बोलायला लागली. "गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आफ्रिकेजवळचं मोठं बेट."

मी मेहतांकडे बघितलं. असं बघितलं की काय सांगू.

"आणि चिंच," ती म्हणाली, "मूळची आफ्रिकेची."

मला वाटलं ती चुकून तेच वाक्य पुन्हा म्हणाली. "अगं, गुलमोहराचं झालं. आता चिंचेचं सांग."

"चिंचेचंच सांगतेय, मामा."

"अशक्य. अरब लोक तिला हिंदुस्थानचा खजूर म्हणतात. मी मोबाइलवर वाचलंय."

"त्यांना ती इथून मिळायची म्हणून. हजारो वर्षांपूर्वी माणसांबरोबर इकडे आली, इतकी जुनी की पुष्कळांना ती इथलीच वाटली." मग तिने गुलमोहराची लांब तलवारीसारखी शेंग आणि चिंचेचं बोटभर बोटूक शेजारी शेजारी धरलं. "बघा, दोघांचं कूळ एकच, शेंगांचं. करोडो वर्षांपूर्वी एक घराणं होतं, त्याच्या शाखा फुटल्या, आणि आता गरम देशांत जिथे जाल तिथे त्यातलं कोणीतरी भेटतं. ही दोन लांबची चुलत भावंडं आहेत."

चुलत भावंडं. म्हणजे मी एका भावासाठी दुसऱ्याचा गळा कापायला निघालो होतो, आणि तेही सोसायटीच्या लेटरहेडवर.

मागून कोणीतरी विचारलं, "मग ह्या घराण्यातलं आपलं झाड कुठलं?"

"बहावा आहे, पळस आहे, पांगारा आहे."

"ते कुठायत?"

मृणालने पार्किंगच्या सिमेंटकडे बघितलं.

मेहतांनी फाइल उघडली. त्या माणसाच्या आवाजात इतका गोडवा मी आजवर ऐकलेला नाही. "सावंतभाई, तमारा ठराव प्रमाणे दोन्ही झाडं जाणार. टँकर पण येणार, वर दोन गाड्या पण मावणार."

बघता बघता निम्मी मीटिंग माझ्या ठरावाची झाली. ज्यांच्याकडे दुसरी गाडी होती ते तर मला ‘सावंतसाहेब’ म्हणायला लागले. मी तोंडाला फेस येईस्तोवर माझ्याच सहीविरुद्ध बोलत होतो. "चिंच हजारो वर्षं इथे आहे. एवढी वर्षं राहिली की ती इथलीच झाली."

"अच्छा," मेहता म्हणाले. "म्हणजे किती वर्षं राहिलं की इथला?"

मी मनात हिशेब करत होतो. आकडा असा हवा होता की चिंच आत राहील आणि गुलमोहर बाहेर पडेल. म्हणालो, "पन्नास."

तेव्हा हिराआजी पहिल्यांदा बोलली. तोवर ती बिस्किट चहात बुडवून खात होती. "आनि तू कवा आलास रं?"

मी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.

"अकरा वर्सं झाली ना तुला? माझे सासऱ्याचे लहानपनी बी ही चिच हाय तवढीच होती. आमी तिला कवा इचारला न्हाय कुठची तू. तुला बी न्हाय इचारला."

खरं सांगतो, मेहतांचा मला जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या क्षणी स्वतःचा आला. ह्या बाईची सावली वाचवायला मी उठलो होतो, आणि तिच्यासमोर तिच्या झाडाच्या मरणाचा कागद माझ्या सहीचा होता. मी उभ्याउभ्या ठराव मागे घेतला. गुलमोहरासकट. ‘गुलमोहरासकट’ म्हणताना माझी जीभ जड झाली होती, पण म्हणालो.

"मग टँकर?" मेहतांनी विचारलं.

"टँकर भायेर उभा करा," हिराआजी म्हणाली. "पाइप लांब घ्या."

वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दोन मीटिंगा, एक ठराव, एक प्राध्यापिका, आणि हे कुणालाच सुचू नये?

नवा ठराव मेहतांनी स्वतः लिहिला, अगदी स्वच्छ अक्षरात. दोन्ही झाडं राहतील, टँकर बाहेर थांबेल, आणि पाइप वाटेत वळतो तिथे दुमडू नये म्हणून मूळ प्रस्ताव मांडणाऱ्या सभासदाने तो धरून उभं राहावं. एकमताने मंजूर. सुनंदाचाही हात वर होता.

पाइप नेमका गुलमोहराखाली वळतो. परवा नवीन ड्रायव्हर होता. माझ्या टकलावरच्या पाकळ्या बघून तो म्हणाला, "काका, आप इधर के ही हो क्या?"

मी काही बोलायच्या आत पलीकडून, चिंचेखालून, हिराआजीनेच उत्तर दिलं. "अजून पाइपावर हाय. बगू."