व्याह्यांच्या दारावरून तीन फेऱ्या

अमरावतीच्या वसंता मिस्त्रीनं मला फसवलं. भरदिवसा, माझ्याच तोंडावर फसवलं!

माझ्याकडे एक जुनी अँबॅसॅडर आहे. हातगाडीवर संत्री विकून वर आलेला माणूस मी; आयुष्यातली पहिली गाडी ती, म्हणून विकवत नाही. पण तिचं इंजिन पुलाचा चढ दिसला की बसकण मारायचं. मुलीचं, पल्लवीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं, "जाईन तं याच गाडीनं! पण नवं इंजिन टाकून!"

वसंतानं नव्या जमान्याचं डिझेल इंजिन दाखवलं आणि त्याच्यासोबत काय काय बदलावं लागेल याची हातभर यादी समोर ठेवली. आता, समोरचा जे सांगेल त्याचं अर्धं करायचं, हा माझा धर्म. मी पेन काढलं.

"ब्रेक काहून बदलाचे? आहे ते काय चावून राहिले तुले?"

"दादा, गाडीची ताकद वाढली, तं थांबवाची ताकद नको वाढवाले?"

"मले गाडी चालवाची आहे, थांबवाची नाई!"

(हे वाक्य मीच बोललो. चहावाला साक्षीदार आहे.)

यादीतून ब्रेक काटले. वायरिंग काटलं. वसंता फक्त एवढंच म्हणाला, "आरटीओत दाखवल्याबिगर रस्त्यावर नोका काढू."

"साक्षगंध झाल्यावर पाहू!"

अकोल्याकडे निघालो. गाडी काय पळाली महाराज! मूर्तिजापूर आलं कधी, गेलं कधी, पत्ता नाही. मागे बसलेल्या पल्लवीला एकच धास्ती होती. लग्न अमरावतीत की अकोल्यात, यावरून माझं आणि व्याह्यांचं दोन महिने वाजत होतं.

"बाबा, तिथं भांडू नोका. सोयरीक मोडली ना, तं मी तुमच्याशी बोलणार नाई."

"मी कुठं भांडतो?" मी ओरडलो.

व्याह्यांची गल्ली आली. दारात व्याही, विहीणबाई, हातात आरतीचं ताट, मागे पन्नास पाहुणे. मी ब्रेक दाबला. पाय थेट खाली टेकला. गाडी आरतीसमोरून डुलत पुढे गेली.

"अजी, घर मांगं रायलं!" शेजारी बसलेली बायको.

"दिसते मले!"

"मंग थांबवा ना!"

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद होईना. (वायरिंग!) गिअरचा दांडा न्यूट्रलला ओढला, तर तो मुळासकट हातात आला. (क्लच दाबायचा असतो, हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं.) गल्लीला वळसा घालून मी परत त्याच दारावर. दांडा हातात तसाच, खिडकीबाहेर!

"व्याही, उतरा ना जी!" व्याही हात जोडून सोबत पळू लागले.

"नाई जमत!" मी खरं तेच सांगितलं.

त्यांना वाटलं, मानपानात काही कमी पडलं. आमच्याकडे वरमाईला नुसती वाटी कमी आली तरी माणसं जेवणावरून उठतात. मी तर दांडा घेऊन फिरत होतो! मागून पल्लवीचे हुंदके सुरू. "मोडली! सोयरीक मोडली!"

तिसऱ्या फेरीला व्याह्यांनी खिडकी धरली. धोतर सावरत, धापा टाकत म्हणाले, "लग्न अमरावतीतच करू! तुमी म्हणसान तसं! पण आता राग सोडा!"

त्याच क्षणी, त्यांच्याकडे पाहताना माझं वळण चुकलं, समोर तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, भला मोठा ढीग आला आणि गाडी त्यात बोनेटभर घुसून गचकन बंद पडली. शब्द मिळाला आणि गाडी थांबली! पन्नास पाहुण्यांना वाटलं, काय करारी माणूस आहे! नाकातलं कुटार झटकत मी गंभीरपणे खाली उतरलो आणि म्हणालो, "ठीक आहे. पाहू."

साक्षगंध झालं. पल्लवी हसली. परतीला आम्ही एस.टी.नं आलो.

पण वसंताला मी सोडणार नाही. त्याच्या दुकानात भाव पाडणारे रोज येतात, मान्य. पण पोटच्या पोरीला ज्या गाडीत बसवायचं, तिच्याच ब्रेकवर घासाघीस करणारा गाढव समोर बसलेला असताना त्यानं माझ्या हातातलं पेन हिसकावून दुकानाबाहेर का काढलं नाही मला? गिऱ्हाईक देव असतं म्हणे! बोल वसंता, याचा जाब कोण देणार?