दादाचा आवाज

आमच्या गल्लीच्या टोकाला गिटार दुरुस्त करणारा एक माणूस राहतो. बाहेरची खोली दुकान, आतल्या खोलीत त्याची विधवा वहिनी. तिची दवाखान्यात कायम रात्रपाळी.

त्याच्या थोरल्या भावाच्या गिटारचा आवाज म्हणजे धुतलेलं तांब्याचं भांडं. दादा गेला आणि ती गिटार खुंटीवर राहिली. मग एकदा वहिनी म्हणाली, "भाऊजी, तारा बदलून द्या. मला एकदा तो आवाज ऐकायचाय."

याने तारा बदलल्या. पाहतो तर तारांखाली आवाज टिपणारा पिकअप जाड तारांच्या बाजूला खचलेला. "दादाचं काम म्हणजे आंधळं दळतंय!" म्हणून हसत याने स्क्रू पिळून तो सरळ वर आणला. वाजवलं, तर जाड तारा घुमल्या, अॅम्प्लिफायर गुरगुरला.

दारात उभी वहिनी म्हणाली, "हे कोण?"

स्क्रू उलटा फिरवला. पण कुठपर्यंत? आधीची खूण कुणी केली होती!

तेव्हापासून तो आवाज याच्या मानगुटीवर बसला. लोकांच्या गिटारींतही तो तोच आवाज शोधू लागला. जाडजूड, दुहेरी गुंडाळीच्या पिकअपची गिटार आली की पिकअप खाली घ्यायचा, आवाजाचं बटण जरा मागे. एकेरी गुंडाळीची आली की ट्यूबलाइट बंद, नाहीतर गिटार माशीसारखी गुणगुणते. पोकळ अंगाची आली की पोटात फडकं कोंबायचं आणि अॅम्प्लिफायरकडे पाठ करून बसायचं, नाहीतर ती हंबरते.

"काय डॉक्टर, पेशंटला सोडताय का?" गिऱ्हाईक विचारी.

"छातीत अजून घरघर आहे. उद्या या."

दूरदूरची माणसं येऊ लागली. असा निर्मळ आवाज कुठेच मिळत नाही, म्हणायची. आणि रोज कामावर निघताना वहिनी उंबऱ्यात क्षणभर थांबून दादाची गिटार ऐके, मान हलवी. नाही. हे ते नव्हे.

परवा वहिनीची रात्रपाळी लांबली, दुपारी आली ती आडवीच झाली. हा दादाची गिटार घेऊन बसला. तिची झोप मोडू नये म्हणून बटण अर्ध्यावर घेतलं, तार छेडायची नखी बाजूला ठेवली आणि अंगठ्याच्या मऊ मांसाने तार नुसती कुरवाळली.

हाच तो आवाज, धुतलेलं तांब्याचं भांडं! दादाही दुपारीच वाजवायचा. वहिनी झोपलेली असताना.

आतून झोपाळू आवाज आला, "अहो, आलात? दार लोटून घ्या, ऊन येतंय डोळ्यांवर."

मी आहे वहिनी, असं म्हणावं तर दादा दुसऱ्यांदा जाणार. तार अजून थरथरत होती. तिच्यावर तळवा ठेवायचीही त्याची छाती झाली नाही. तो उठला आणि कडी न वाजवता, दादा लोटायचा तसं, दार लोटून घेतलं.