उलट्या शिवणीच्या पिशव्या

माझी वहिनी पक्ष्यांसाठी पिशव्या शिवायची. हे सांगितलं की लोक विचारतात, "का, पक्षी बाजाराला जातात वाटतं?" म्हणून आधी नीट सांगतो.

आमच्या वस्तीपलीकडे जंगल लागतं. त्याच्या कडेला एक संशोधन केंद्र आहे. तिथे कोर्स चालतात. शिकलेली मुलं-मुली लांबून येतात आणि रानातल्या जनावरांचं, पाखरांचं काम स्वतःच्या हाताने करायला शिकतात. माग ओळखायचा, कॅमेरे बांधायचे, पक्षी अलगद धरून त्याचं वजन करायचं, पायात नंबराची कडी घालायची आणि सोडून द्यायचा. मी तिथे वाटा साफ करायचो आणि पक्षी धरायच्या जाळ्यांचे खांब रोवायचो. पोरं मदतीला यायची. सुरुवातीला पहार अशी धरायची, जणू तिला गुदगुल्या होतील. तळहाताला फोड आले की मग खरी कामाला लागायची. फोड न येता कोर्स संपवलेलं पोर माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

जाळ्यातून सोडवलेला पक्षी टेबलापर्यंत न्यायचा तो कापडी पिशवीतून. आत अंधार असतो, त्यामुळे तो शांत राहतो. नाडी ओढायची, पिशवी आकड्याला टांगायची, पाळी आली की पक्षी बाहेर. या सगळ्या पिशव्या वहिनीच्या हातच्या.

माझा दादा गेला तेव्हा कोर्स शिकवणाऱ्या बाईंनी तिला स्वयंपाकघरात काम देऊ केलं होतं. वहिनी म्हणाली, "माझ्या हातचं तुमच्या पोरांना सोसायचं नाही. शिलाई मशीन असेल तर बोला." मशीन आलं. ती कामाला बसली. शिवण अशी घालायची की मी दोन्ही हातांनी ओढली तरी उसवायची नाही. मी ओढून बघायचो. ती म्हणायची, "ओढा, भावजी, ओढा. पिशवी फाटली नाही तर तुम्हीच फाटाल."

मग तिचे हात कापायला लागले. आधी सुईत दोरा जाईना. पुढे शिवण सरळ येईना. वाकडी शिवण तिने स्वतःच उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. बाईंना स्वतःहून जाऊन सांगितलं, "आता माझी सून बसेल."

सून नुकतीच आली होती. पुतण्या बोटीवर कामाला, वर्षातला बराच काळ समुद्रात. ही शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवायची. कारखाना बंद पडला, तेव्हा सासूकडे राहायला आली. हात झरझर चालणारा, तोंड बंद. गळ्यात दोरीला एक बारीक कात्री कायम अडकवलेली, सुटे दोरे कापायची. कारखान्यातली सवय. वहिनी मला म्हणाली होती, "घरात पाहुणीसारखी राहते हो. भांडं उचलायचं तरी विचारते. पाहुणी कधी ना कधी बॅग भरते, भावजी. तिला इथे स्वतःचं काहीतरी पाहिजे." मशीन सोडताना वहिनीच्या मनात एवढंच होतं.

नव्या कोर्सच्या आधी सुनेने जुन्या पिशव्या धुतल्या, नव्या शिवल्या, सगळ्यांना इस्त्री केली. गठ्ठा पाहून मीसुद्धा वा म्हटलं. दुकानात मांडावा असा.

सकाळी जाळी उघडली. वहिनी आणि सूनही टेबलापाशी येऊन उभ्या होत्या. पहिलाच पक्षी लहानसा, मुठीत मावेल असा. एका मुलीने तो नीट सोडवून आणला आणि पिशवी टांगली. वजन झालं. बाईंनी आत हात घातला आणि थांबल्या. पक्षी निघेना. त्यांनी हळूच पिशवी उलटी केली. पक्ष्याच्या बोटाभोवती सुटा दोरा गुंडाळला गेला होता. तो फडफडला तसा आणखी आवळला.

तेव्हा मला कळलं. वहिनी शिवणीची दुमड, सुटे दोरे, सगळं बाहेरच्या बाजूला ठेवायची. आत नुसतं गुळगुळीत कापड. दिसायला पिशवी उलटी, पण पक्ष्यासाठी तीच बरोबर. सुनेने जुन्या पिशव्या सुलट केल्या होत्या आणि नव्याही तशाच शिवल्या होत्या. कारखान्यात दोरा बाहेर दिसला की माल परत यायचा.

"मला नाही जमायचं हे," सून म्हणाली आणि मागे सरकली. "आई, मी जाते."

"कुठे जातेस?" वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही.

बाईंची कात्री जाड, त्या दोऱ्याखाली जाईना. पक्ष्याच्या बोटाला लागली असती. वहिनीचा हात सवयीने पुढे आला. हवेत थरथरला. तिने तो बघितला, मागे घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"तुझी कात्री काढ," ती सुनेला म्हणाली. "बाई धरतील. तू कर."

"लागलं तर त्याला?"

"म्हणून तर तुला सांगतेय."

सून खाली वाकली. बाईंनी पक्षी पालथा धरून पाय तेवढा मोकळा ठेवला. कात्रीचं टोक दोऱ्याखाली शिरलं. दोरा चटकन तुटला. उरलेला वेढा तिने नखाने सोडवला. बाईंनी बोटं हलवून पाहिली, पंख पाहिले. "ठीक आहे," म्हणाल्या आणि पक्षी सुनेच्या तळहातावर ठेवला. तो क्षणभर तसाच बसला.

"किती गरम आहे हो," सून म्हणाली. तेवढ्यात तो उडाला.

बाईंनी जाळी मिटवायला सांगितली. पिशव्या नीट होईपर्यंत पक्षी धरायचे नाहीत. पोरं जाळ्यांकडे धावली. आम्ही तिघं बाकावर बसून पिशव्या उलट्या करायला लागलो. सून एकेक उलटी करून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवत होती, कुठे दोरा राहिलाय का बघत. अचानक तिने हातातली पिशवी मांडीवर आपटली.

"इतकी वर्षं शिवताय तुम्ही! शेजारी बसून बघत होतात ना मी शिवताना? मग एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

"माझी नजर तुझ्या हातावर होती गं," वहिनी म्हणाली. "आणि सांगायची गोष्ट आहे हे डोक्यातच आलं नाही. माझ्यासाठी पिशवी अशीच असते."

"अशीच असते म्हणे! यापुढे सगळं सांगायचं. मला येत असेल असं वाटलं तरी सांगायचं."

"बरं," वहिनी म्हणाली.

सून उरलेल्या पिशव्यांचा गठ्ठा आणायला आत गेली. वहिनी माझ्याकडे सरकली. डोळे भरलेले, तोंडावर हसू.

"ओरडली हो मला. ऐकलंत ना? पाहुणी ओरडते का कधी?"

"हळू बोल," मी म्हटलं. "ऐकेल ती."

"ऐकू दे की," वहिनी म्हणाली आणि कापऱ्या हाताने पुढची पिशवी उचलली.